इश्तियाकभाईंचा लाल ठिपका

लखनौत मला सगळे पांडेजी म्हणतात. देशपांडे हे नाव इथल्या जिभेला जरा लांब पडतं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ऑफिसातल्या चपराशाने त्यातला 'देश' काढून टाकला आणि पुढची कित्येक वर्षं मी पांडे म्हणून पगार घेतला. हरकत घेण्याइतकं धाडस माझ्यात कधी नव्हतंच. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे वाचताना तुमची निराशा होणार नाही.

मी लिफ्टच्या कंपनीत होतो. लिफ्ट बनवायचो नाही, दुरुस्तही करायचो नाही. लिफ्ट बंद पडली की लोक फोनवर ज्याच्यावर ओरडतात, तो मी. पदाचं नाव सर्व्हिस कोऑर्डिनेटर. तक्रार घ्यायची, जवळपासचा मेकॅनिक शोधून पाठवायचा आणि तो पोचेपर्यंत अडकलेल्या माणसाला धीर देत राहायचं. गोमती नगरमधले एक निवृत्त अधिकारी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये लटकले होते. मी म्हटलं, "घबराइए मत सर, आदमी निकल चुका है." आतून आवाज आला, "वो तो ठीक है. पहले ये बताइए, आप किस हैसियत से बोल रहे हैं?" मी हैसियत सांगितली. "किसी सीनियर को दीजिए." सीनियर जेवायला गेले होते. साहेब मग पंचवीस मिनिटं अंधारात उभे राहिले, पण माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांना बाहेर काढलं इश्तियाकभाईंनी. आमच्या शाखेतले सगळ्यांत जुने मेकॅनिक. पन्नाशी उलटलेली, दाढी कातरलेली, बोलणं असं की शिवीसुद्धा 'आप' लावून देतील. दिवसभर ग्रीसमध्ये हात घालून या माणसाच्या शर्टाची कॉलर पांढरी कशी राहते, हे मला कधी कळलं नाही. त्यांनी दार उघडलं आणि म्हणाले, "हुज़ूर, तशरीफ़ लाइए." अधिकारीसाहेब एकदम निवळले. या माणसाला तरी आपली हैसियत कळली, असं त्यांना वाटलं असणार.

लिफ्टचं काम बाहेरच्या माणसाला थोडं समजावून सांगतो. शाफ्टमध्ये दोन गोष्टी वर-खाली होतात. एक डबा, ज्यात तुम्ही उभे राहता. दुसरं त्याच्या तोलाचं लोखंडी वजन, जे तुम्हाला दिसत नाही. डबा वर गेला की वजन खाली येतं. शाफ्टच्या तळाला, तळमजल्याच्याही खाली, माणूस उभा राहील एवढा खड्डा असतो. दर महिन्याला मेकॅनिकला त्या खड्ड्यात उतरावं लागतं, तसंच डब्याच्या टपावरही चढावं लागतं. या कामातला खरा वेळ तिथे जातो, आणि तिथे त्याला कुणी पाहत नाही. गिऱ्हाइकाला वाटतं, दोन तास झाले, हा गेला कुठे?

हेड ऑफिसलाही तेच वाटत होतं.

दोन हजारच्या दशकात आमचा कारभार वहीवर आणि फोनवर चालायचा. मेकॅनिक काम झालं की सोसायटीच्या सेक्रेटरीची कार्डावर सही आणायचा. त्या सह्यांतल्या सगळ्या खऱ्या होत्या असं मी शपथेवर सांगणार नाही. मग पुढच्या दशकात सगळ्यांच्या हातात मोठ्या पडद्याचे फोन आले आणि त्यापाठोपाठ ॲप आलं.

मोठ्या कंपनीत ॲप कसं येतं, ते सांगतो. ज्यांना ते वापरायचं असतं त्यांना सोडून सगळ्यांना आधी विचारलं जातं. मग एक दिवस आनंदी ईमेल येतो. मग हेड ऑफिसातून दोन चुणचुणीत माणसं येतात, चारबागजवळच्या हॉटेलात पडदा लावतात, आणि पनीरचं जेवण देतात. शेवटी एक आकडा येतो: महिनाअखेर शंभर टक्के लोकांच्या फोनवर ॲप. आकडा भरण्यासाठी मी स्वतः सगळ्यांचे फोन घेऊन ॲप चढवलं. गडबडीत एका निवृत्त स्टोअरकीपरच्या फोनवरही चढवलं. पुढचे सहा महिने ते रोज गैरहजर लागत होते.

ॲपचं इंग्रजी नाव 'आपण सगळे जोडलेले' अशा अर्थाचं होतं. मेकॅनिकांनी पहिल्या चहालाच त्याचं नाव मुखबिर ठेवलं. मुखबिर म्हणजे पोलिसांचा खबऱ्या. सकाळी चेहऱ्याचा फोटो काढून हजेरी लावायची, फोन दिवसभर चालू ठेवायचा, आणि माणूस जिथे जाईल तिथे माझ्या संगणकावर त्याचा ठिपका सरकत जाणार. ठरलेल्या इमारतीत ठरलेला वेळ दिसला तर हिरवा. कमी पडला तर पिवळा. नाहीतर लाल.

संशयाची साथच आली. मुखबिर बोलणं ऐकतो, असं एकाचं म्हणणं. दुसऱ्याला खात्री होती की तो फोटो आपोआप काढतो. चहाच्या टपरीवर सगळे फोन एका हेल्मेटमध्ये ठेवायचे, वर दुसरं हेल्मेट पालथं घालायचं आणि मगच साहेबांना नावं ठेवायची, अशी पद्धत पडली. मी टपरीवर गेलो की माझ्यापुढेही हेल्मेट यायचं. मी निमूट फोन टाकायचो. कारण माझ्याही फोनवर मुखबिर होताच, आणि माझा ठिपका कोण बघतंय हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

घरी मुलीने ॲप चालू करून दिलं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतच. "पापा, अलाऊ दबाओ ना. सबको दबाना पड़ता है."

बायको मागून वाचत होती. "कॅमेरा, माइक, फोनमधली सगळी नावं... अहो, म्हणजे मी तुम्हाला स्वयंपाकघरात जे बोलते ते तुमच्या हेड ऑफिसला ऐकू जाणार?"

"तसं नसतं गं."

"नसतं कसं? जाऊ दे की! तिकडे तरी कुणी ऐकेल."

दोन-तीन आठवडे मी घरी आल्यावर फोन तांदळाच्या डब्यात ठेवत होतो. आता हसू येतं. पण मी एकटा नव्हतो, आमच्या अकाउंटंटच्या घरी तो पिठाच्या डब्यात असायचा.

पहिल्या दोन महिन्यांचे अहवाल आले तेव्हा आमची शाखा हिरवीगार होती. लाल फक्त एक ठिपका. इश्तियाक अहमद, सीनियर मेकॅनिक.

मी नकाशा उघडला. सकाळी साडेदहाला इमारतीत शिरतात. अकराला इमारतीबाहेर. पानाची टपरी, वीस मिनिटं. भाजीवाला. मग एका गल्लीतल्या घरात तब्बल एक तास. मग परत इमारतीत. दुसऱ्या दिवशी दुसरी इमारत, पण तऱ्हा तीच. एकदा लाकडाच्या वखारीत. एकदा चक्क एका शाळेच्या फाटकावर.

खरं सांगतो, मला क्षणभरही वाटलं नाही की नकाशा चुकत असेल. मला वाटलं, म्हातारा बाहेरची कामं घेतोय. खाजगी लिफ्टवाल्यांकडे असे मेकॅनिक चोरून जात असत. पांढऱ्या कॉलरचं कोडं सुटल्यासारखं वाटलं. हा ग्रीसमध्ये हातच घालत नसणार!

हेड ऑफिसातल्या भल्लासाहेबांचा फोन आला. "पांडेजी, ये विज़िबिलिटी का ज़माना है. आपका सबसे सीनियर आदमी महीने भर बाज़ार घूम रहा है, और आपको ख़बर नहीं?"

मी म्हटलं, "सर, मुझे भी शक तो था."

हे वाक्य मला आजही टोचतं. शक कालच आला होता आणि मी तो जुना असल्यासारखा सांगितला.

इश्तियाकभाईंना 'नोकरीवरून का काढू नये, याची कारणं द्या' अशी नोटीस निघाली. निवृत्तीला चार वर्षं राहिलेली. मी नोटीस दिली तेव्हा त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, न वाचता घडी घातली आणि म्हणाले, "आप भी यही समझते हैं, पांडेजी?"

मी म्हणालो, "मैं क्या समझूँगा, भाई. ऐप दिखा रहा है."

"अच्छा," ते म्हणाले. एवढंच. आणि कामाला गेले.

भल्लासाहेबांना प्रत्यक्ष पाहणीचा अहवाल हवा होता. म्हणजे मी जाऊन इश्तियाकभाईंना रंगेहाथ पकडायचं. त्या दिवशी त्यांचं काम गोमती नगरमधल्या एका आठ मजली इमारतीत होतं. मी स्कूटर काढली, फोनवर तोच नकाशा उघडला, फोन हँडलला रबरबँडने बांधला आणि ठिपक्याच्या मागे निघालो. सकाळी बायकोने डबा देताना विचारलं होतं, "आज ऑफिस नाही?" मी कामाचं स्वरूप सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे आता तुम्ही मुखबिर."

ठिपका हलला. इमारतीतून निघून डावीकडे. मी वळलो. ठिपका एका दुकानापुढे थांबला. मी ई-रिक्शांच्या रांगेआड स्कूटर लावली, फोन सोडवून घेतला, हेल्मेट न काढता, काचेतून डोकावत पुढे गेलो. न्हाव्याचं दुकान. खुर्चीत तोंडभर फेस लावलेला माणूस डोळे मिटून बसला होता.

आता सापडला! मी तिथूनच इश्तियाकभाईंचा नंबर लावला. फेसातल्या माणसाच्या खिशात फोन वाजला. त्याने डोळे न उघडता तो कानाला लावला.

"हैलो. इश्तियाक भाई गड्ढे में हैं. बाद में कीजिए."

मी हेल्मेट काढलं. "तुम कौन हो?"

फोनमधूनही आणि समोरूनही उत्तर आलं, "गार्ड हैं साहब, उसी बिल्डिंग के."

न्हाव्याने वस्तरा हवेत धरला होता. तो आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत होता.

माझा पहिला विचार काय होता, सांगू? हुशार आहे म्हातारा. फोन गार्डला देऊन स्वतः दुसरीकडे. म्हणजे एवढं होऊनही माझा संशय इश्तियाकभाईंवरच. मी अर्धी दाढी झालेल्या गार्डला मागे बसवलं आणि इमारतीत आलो. तळमजल्यावर लिफ्टच्या दारापुढे आडवी फळी, फळीला लाल फडकं. आत खाली खड्ड्यात बॅटरीचा उजेड. इश्तियाकभाई गुडघ्यांवर बसून तळातलं तेलकट पाणी चिंधीने टिपत होते. शर्ट काढून वर खुंटीला अडकवलेला. अंगात जुनं, काळं झालेलं बनियन.

"कौन? पांडेजी?" त्यांनी वर पाहिलं. "आइए नहीं, फिसलन है."

"इश्तियाकभाई, आपका फोन इनके पास क्यों है?"

त्यांनी चिंधी बाजूला ठेवली. मी थट्टा करतोय की खरंच विचारतोय, याचा अंदाज घेत असावेत. मग त्यांनी वरच्या पिशवीकडे बोट दाखवलं. "उसमें देखिए. ढक्कन के अंदर."

हत्यारांच्या पिशवीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला होता, वर प्लास्टिक. शाफ्टमध्ये उतरण्यापूर्वी खिसे रिकामे करा. पेन, किल्ल्या, फोन काहीही नको. फोन बंद करून बाहेर ठेवा, चालू ठेवायचा असेल तर बाहेरच्या जबाबदार माणसाकडे द्या. खाली सही माझी.

तो कागद मी का लिहिला होता, हेही सांगायला हवं. त्याच्या काही वर्षं आधी आमचा एक मेकॅनिक, रमेश, डब्याच्या टपावर काम करत होता. खिशात फोन वाजला. तो काढायला त्याने अंग वळवलं, तोल सावरायला दुसरा हात टेकवला तो चालत्या दोरावर. दोर त्याचा हात चाकाखाली घेऊन गेला. दोन बोटं गेली. तो फोन मी केला होता. "कितनी देर और लगेगी?" एवढंच मला विचारायचं होतं, कारण गिऱ्हाईक माझ्यावर ओरडत होतं. इश्तियाकभाई तेव्हा वर मशीनच्या खोलीत होते. त्यांनीच मोटर बंद केली.

त्या आठवड्यात मी तो कागद लिहिला, सगळ्यांना वाटला. आणि मग, ज्याच्या फोनमुळे तो लिहावा लागला तो माणूस, म्हणजे मी, विसरून गेलो.

इश्तियाकभाई आधी फोन बंद करून पिशवीत ठेवायचे. मुखबिर आला आणि फोन बंद करायची सोय राहिली नाही. पिशवीजवळ चालू फोन ठेवला तर चोरीला जाईल. म्हणून तो बाहेरच्या जबाबदार माणसाकडे, कागदात लिहिलं होतं तसा. जबाबदार माणूस फोन खिशात घालून पान खायला, भाजी आणायला, घरी जेवायला, मुलाला शाळेतून घ्यायला जायचा. सगळ्या इमारतींचे गार्ड थोड्याफार फरकाने तसेच.

"और बाकी लोग?" मी विचारलं. आमची बाकी शाखा हिरवीगार होती ना!

ते खड्ड्यातून शिडीने वर आले. हात पुसले. "बाकी लड़के जेब में लेकर उतरते हैं. हरा रहना है ना."

प्रत्येक हिरवा ठिपका म्हणजे कुणीतरी वाजू शकणारा फोन खिशात घेऊन दोराजवळ उभा होता, आणि त्यासाठी आम्हाला हेड ऑफिसकडून शाबासकी आली होती.

एवढं कळूनही मी काय केलं? मी म्हणालो, "इश्तियाकभाई, ये नोटिस निपट जाए, तब तक थोड़े दिन आप भी जेब में रख लीजिए. साइलेंट पर."

त्यांनी शर्ट चढवला. बटणं लावली. कॉलर नीट केली. "रख लेंगे. हुक्म है तो ज़रूर रखेंगे. बस, लिखकर दे दीजिए, जैसे वो लिखकर दिया था."

मी खिशातून पेन काढलं. गार्डची वही मागून घेतली. पेन कागदावर टेकवलं. 'आज से' एवढं लिहिलं आणि पुढचा शब्द येईना. गार्ड अर्ध्या दाढीने माझ्या खांद्यावरून वाचत होता. मी वही मिटून त्याला परत दिली.

ऑफिसात येऊन मी भल्लासाहेबांना लिहिलं. इंग्रजी नीट जमत नाही, म्हणून थोडक्यात लिहिलं: मेकॅनिक खड्ड्यात होता. फोन कंपनीच्या सुरक्षा नियमाप्रमाणे बाहेर होता. माझा आधीचा संशय चुकीचा होता. फोन आत न्यायचा असेल तर तसा हुकूम कृपया लेखी द्यावा.

लगेच फोन आला. "पांडेजी, इतनी छोटी बात पर मेल? आप लोकल लेवल पर मैनेज कर लीजिए ना."

"सर, वही लिख दीजिए. कि फोन लेकर उतरें."

"मैं ऐसा क्यों लिखूँगा?"

"सर, मैं भी नहीं लिख पाया."

पलीकडे शांतता. मोठ्या कंपनीतली शांतता मला ओळखू येते. त्यात कुणीतरी मनातल्या मनात वकिलाशी बोलत असतं. तीन दिवसांनी नोटीस मागे घेतल्याचं कळलं. पण चालू झालेली फाईल नुसती बंद करता येत नाही, तिच्या पोटात काहीतरी कागद जावा लागतो. म्हणून एक फॉर्म आला. कर्मचाऱ्याला योग्य ती समज देण्यात आली, अशा मजकुराचा. खाली सह्यांच्या दोन जागा. वर समजावणाऱ्याची, खाली ज्याला समजावलं त्याची.

मी इश्तियाकभाईंना बोलावलं, खुर्ची दिली, फॉर्म हिंदीत वाचून दाखवला.

"किसने समझाया?" त्यांनी विचारलं. राग नव्हता, नुसती चौकशी.

"इसमें लिखा नहीं है. दस्तख़त से पता चलेगा."

"कहाँ करूँ?"

मी वरच्या रेघेवर बोट ठेवलं.

"ये तो आपकी जगह है, पांडेजी."

"आप कीजिए."

त्यांनी उजवीकडून डावीकडे, सावकाश, उर्दूत सही केली. खालची सही मी केली. फॉर्म स्कॅन करून वर पाठवला. हेड ऑफिसने तो मंजूरही केला. कुणी नावं वाचली असतील असं वाटत नाही.

उठताना ते म्हणाले, "अब लड़कों को भी समझा दीजिए. मेरी नहीं सुनते. कहते हैं, चचा की तो नौकरी जाते-जाते बची है."

सोमवारी मी सगळ्या मेकॅनिकांना उभं केलं. म्हटलं, फोन बाहेर ठेवून उतरा. ठिपका लाल झाला तर होऊ दे, दर महिन्याला प्रत्येकाच्या नावापुढे कारण मी लिहीन. सगळे एकमेकांकडे बघू लागले. ती नजर मी ओळखली. टपरीवर हेल्मेट माझ्यापुढे सरकवताना ती असायची. एकजण शेवटी म्हणाला, "पांडेजी, कहीं ऊपर से छँटनी की लिस्ट तो नहीं बन रही? पहले लाल करेंगे, फिर बाहर?"

शंका रास्त होती. मुखबिर मीच त्यांच्या फोनवर चढवला होता. "मुझे भी शक तो था" हे मीच म्हणालो होतो, आणि ऑफिसात अशा गोष्टी लपत नाहीत.

मी कागद घेतला, सगळं पुन्हा लिहिलं, आणि सही करून भिंतीला लावला. इश्तियाकभाईंनी आपला फोन टेबलावर काढून ठेवला आणि ते कामाला निघून गेले. चार-पाच जणांनी त्यांचं बघून मान डोलावली. बाकीचे एकेक करून भिंतीपाशी आले. त्यांनी तो कागद वाचला, खालची सही बोटाने चाचपली, आणि उद्या मी नाकारलं तर पुरावा हवा म्हणून, मुखबिर असलेल्या त्याच फोनवर कागदाचा फोटो काढून ठेवला.